घरात कुणी घाबरणारं असेल तर पहिली क्रूझ घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सात रात्रींची क्रूझ डोक्यात आहे, मुलं सहा आणि दहा वर्षांची आणि दोघंही आत्तापासूनच उड्या मारतायत, तुम्हाला स्वतःला गाडी लागते, सासूबाई सत्तरीच्या पुढे आणि गुडघे कुरकुरतात, आणि मिस्टर नुसतं 'बघू, बघू' करत विषय टाळतायत. फार खोदल्यावर एकदा म्हणाले की मला तिथे अडकल्यासारखं होईल. तर अशा घराने क्रूझच्या फंदात पडावं का?

मी बरीच वर्षं फॅमिली क्रूझ लावून द्यायचं काम करतेय, त्याआधी जहाजावरच गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरला होते. पहिल्या संध्याकाळी रडवेला चेहरा करून 'आम्हाला उतरता येईल का हो' विचारायला जी माणसं येतात ती त्याच काउंटरला येतात, त्यामुळे हा विषय मला जवळून माहितीये. सरळ सांगते, तुमच्या यादीतल्या गाडी लागणं, गुडघे आणि मुलं ह्या तीन गोष्टींचा बंदोबस्त होतो, थोडा आधी विचार करावा लागतो इतकंच. मिस्टरांचं ते एक वाक्य मात्र हलक्यात घेऊ नका, निर्णय त्याच्यावरच करायचाय.

कारण क्रूझमध्ये जवळजवळ सगळं बदलून मिळतं. केबिन आवडली नाही आणि जहाजावर रिकामी असेल तर दुसरी मिळते, जेवायची वेळ बदलते, टेबल बदलतं, बंदरावर उतरायचं नसेल तर दिवसभर जहाजावर लोळत पडा, कुणी विचारत नाही. एक गोष्ट तेवढी कुणाच्या बापाला बदलता येत नाही, जहाज सुटलं की पुढचं बंदर येईपर्यंत खाली उतरता येत नाही. इतर कुठल्याही ट्रिपला वैतागलात तर जास्तीचे पैसे मोजून घरी परतता येतं, इथे मधल्या समुद्रात तो दरवाजाच नसतो. म्हणून घरातल्या प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न विचारायचा, ह्या माणसाची भीती अशी आहे का जी 'परत फिरता येत नाही' ह्या एका गोष्टीने वाढते? नसेल तर बाकी सगळं जमवता येतं. असेल तर आधी त्यावर काम, मग बुकिंग.

आता भीती नेमकी कशाची ते काढून घ्यायचं. लोक म्हणतात मला पाण्याची भीती वाटते आणि जरा आत गेलं की वेगळंच निघतं. कुणाला बुडायची असते, कुणाला चारचौघात उलटी व्हायची, कुणाला गर्दीची, कुणाला छातीत दुखलं तर डॉक्टर कुठून आणायचा याची, आणि एखाद्याला खरं तर कशाचीच भीती नसते, त्याला ठराविक नातेवाईकांबरोबर सात दिवस काढायचे नसतात आणि तसं तोंडावर म्हणता येत नाही म्हणून तो समुद्राचं नाव पुढे करतो. हसू नका, हे मी पुष्कळदा बघितलंय. विचारताना सगळ्यांसमोर, मुलांसमोर तर अजिबात विचारू नका, एकटं गाठा आणि विचारा की डोळ्यासमोर नेमकं काय येतं, दिवस की रात्र, तू कुठे उभा आहेस, बरोबर कोण आहे. उत्तर मोघम आलं, 'काही नाही गं, उगाच कशाला', तर ते बहुतेक ऐकीव गोष्टींवरचं असतं किंवा मग सरळ अनिच्छा असते. उत्तर बारकाव्यांसकट आलं, म्हणजे 'रात्री तीनला जाग आलीये, खोलीला खिडकी नाही आणि बाहेर चहूकडे काळं पाणी', तर ती खरी भीती. आणि गंमत अशी की तीच हाताळायला सोपी जाते, कारण त्यात काय बदलायचं ते समोर दिसतं, इथे उदाहरणार्थ खिडकी.

तुमचं गाडी लागणं आधी निकालात काढू. गाडी लागते म्हणजे बोट लागणारच असं नाही, पण शक्यता जास्त हे खरं. आतला कान सांगतो हलतंय, डोळे समोरची भिंत बघून सांगतात काही हलत नाहीये, मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळतं. म्हणून उपाय पण तिथेच आहे, डोळ्यांना क्षितिज दाखवायचं, उघड्या डेकवर किंवा खिडकीशी जाऊन लांबवर बघायचं, त्या वेळात मोबाईल आणि पुस्तक बाजूला. मोठ्या क्रूझ जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंनी पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डावी-उजवीकडे झुलणं बरंच कमी करतात, पण पुढचं टोक वरखाली होतं त्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. म्हणून केबिन जहाजाच्या मधोमध आणि जमेल तितक्या खालच्या डेकवर घ्यायची, हलणं तिथे सगळ्यात कमी. वरच्या डेकची, अगदी पुढची, भारी व्ह्यूवाली केबिन गाडी लागणाऱ्याने घेऊ नये, एजंट कितीही गळ्यात मारू दे.

रूट हा त्याहून मोठा भाग आहे आणि लोक तो विसरतात. नॉर्वेचे फ्योर्ड (डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाड्या), अलास्काचा इनसाइड पॅसेज असे आडोशाचे रूट आणि बिस्केचा उपसागर किंवा ड्रेक पॅसेजसारखा उघडा, खवळणारा समुद्र यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. भूमध्य समुद्र उन्हाळ्यात बहुतेक वेळा शांत असतो. अटलांटिकचा हरिकेन सीझन अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात, त्या काळात कॅरिबियन बऱ्याचदा स्वस्त मिळते त्याचं हे एक कारण. वादळ आलं तर जहाज वळसा घालून दुसरीकडे जातं, धोका तसा टळतो पण बंदरं बदलतात, आणि ज्या माणसाला ठरलेलं तसंच व्हायला हवं असतं त्याला तो बदलच जास्त लागतो.

औषधांचं डॉक्टरांना विचारून ठरवा, पण एक लक्षात ठेवा की ती मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असतात, उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकतच नाही. मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट वगैरे गोळ्यांनी झोप येते. कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पॅच असतो, तो निदान चार तास आधी लावतात आणि तीन दिवस चालतो, पण काचबिंदू असेल तर नको, लहान मुलांना नको, आणि म्हाताऱ्या माणसांना त्याने भ्रम झाल्यासारखं होऊ शकतं, म्हणून सासूबाईंना कुणाचं ऐकून परस्पर लावू नका. मुलांचं म्हणाल तर दोन ते बारा हा बोट लागण्याचा सगळ्यात जास्त काळ, म्हणजे तुमची दोन्ही मुलं त्यात बसतात, त्यांच्यासाठी पण डॉक्टरांकडून डोस लिहून घ्या. बहुतेकांचं शरीर दोनतीन दिवसांत सरावतं. आणि हो, 'चाचणी' म्हणून कुणाला छोट्या मोटरबोटीत बसवून निकाल लावू नका, छोटी बोट प्रत्येक लाटेबरोबर उडते, तिच्यात उलटी झाली यावरून तीनशे मीटर लांबीच्या जहाजाबद्दल फार काही कळत नाही. चाचणी घ्यायचीच तर रात्रभर जाणारी मोठी फेरी-बोट घ्या, केबिनवाली, तिच्यात झोपायचं कसं तेही कळतं.

बुडायची भीती हा प्रकार वेगळा. इथे 'काही होत नाही हो' म्हणणं सगळ्यात निरुपयोगी, कारण समोरच्याने टायटॅनिक ऐकलेलं असतं. त्यापेक्षा काय बदललं ते सांगा. १९१२ ला टायटॅनिकवर साधारण २,२०० माणसं होती आणि लाइफबोटींत जागा १,१७८ जणांची. त्यातूनच १९१४ साली सोलास हा समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आज त्याची १९७४ ची आवृत्ती वेळोवेळी सुधारून लागू आहे, आणि आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या प्रवासी जहाजाला सगळ्यांना पुरतील इतक्या बोटी-राफ्ट (तराफे) आणि वर २५ टक्के जास्तीचे राफ्ट ठेवावे लागतात. कोस्टा कॉनकॉर्डिया ह्या क्रूझ जहाजाचं पण झाकून ठेवू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ती खडकावर आदळली, ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी नव्याने चढलेल्या प्रवाशांची सेफ्टी ड्रिल झालेली नव्हती, कारण तेव्हा ती चढल्यापासून २४ तासांत घ्यायची मुभा नियमात होती. आता २०१५ पासून ड्रिल जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्यासुटल्या व्हावीच लागते.

ह्या ड्रिलचा घाबरणाऱ्या माणसाला फार उपयोग होतो, पण नीट केली तर. बऱ्याच जहाजांवर आता व्हिडिओ मोबाईलवर किंवा केबिनच्या टीव्हीवर बघायचा आणि आपल्या मस्टर स्टेशनला, म्हणजे संकटात जमायच्या ठरलेल्या जागी, जाऊन कार्ड स्कॅन करून यायचं असतं. लोक काय करतात, आधी जेवण, मग पूल, मग अगदी शेवटी घाईघाईत तिथे रांगेत. तुम्ही चढल्याचढल्या पहिलं तेच करा. तेव्हा तिथे क्रूचा माणूस जवळजवळ मोकळा उभा असतो. त्याला विचारा, आमची बोट कुठली, मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट कुठे, केबिनपासून इथपर्यंत लिफ्ट न वापरता कसं यायचं. आणि मग खरंच केबिनपासून स्टेशनपर्यंत एकदा जिन्याने चालून या, सगळ्यांनी. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा मुलांना आधीच तोंडाने वाजवून दाखवा, कारण तो आवाज अचानक कानावर आला की सहा वर्षांचं पोर दचकतंच आणि त्याला बघून मोठं माणूस पण. एक गृहस्थ मला आठवतात, बायकोने जवळजवळ ओढत आणलेले, ते तो रस्ता चालून आले आणि वळून परत एकदा गेले, पायऱ्या मोजत. मग सगळा आठवडा निवांत होते. त्यांना धीर द्यायची गरज नव्हतीच, त्यांना रस्ता माहीत करून घ्यायचा होता.

आता मिस्टरांकडे येऊ. 'अडकल्यासारखं होईल' ह्या वाक्याचे दोन अर्थ निघतात आणि ते वेगळे करायलाच लागतात. एक म्हणजे जागा कोंदट वाटणं, लिफ्ट, खिडकी नसलेली खोली. दुसरा म्हणजे जागा कितीही मोठी असो, मनात आलं तर निघून जाता येत नाही ही जाणीव. पहिल्याला केबिन बदलून उत्तर मिळतं, दुसऱ्याला नाही.

कोंदटपणाचं बघा. साध्या आतल्या केबिनचं क्षेत्रफळ १५ चौरस मीटरच्या आसपास, त्यात बाथरूम धरून. तिच्यात चार माणसं म्हणजे दोन पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली येतात, बॅगा पलंगाखाली, आणि रात्री कुणाला बाथरूमला जायचं तर दुसऱ्याच्या पायावर पाय. ज्याला कोंडल्यासारखं होतं त्याला वाचवलेल्या पैशासाठी असल्या खोलीत घालणं म्हणजे भांडण विकत घेणं. बाल्कनी घ्या, किंवा मधल्या दाराने जोडलेल्या दोन केबिन घ्या, एक बाहेरची एक आतली असंही चालतं. नाहीच जमलं तर निदान खिडकीवाली. आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार असतो, सकाळ झाली का तेही कळत नाही. बऱ्याच जहाजांवर टीव्हीला एक चॅनल असतो, जहाजाच्या पुढच्या टोकाचा कॅमेरा चोवीस तास दाखवणारा, तो आवाज बंद करून लावून ठेवला की मंद उजेडही मिळतो आणि उजाडलं की पडद्यावर उजाडतं. मुलांनाही ते आवडतं.

पहिल्या रात्रीचे आवाज पण आधीच सांगून ठेवा. जहाज हललं की कपाटातले हँगर एकमेकांवर आपटतात, भिंतीचे पॅनल कुरकुरतात, कुठलातरी ड्रॉवर दर थोड्या वेळाने टक करतो. हँगर काढून पलंगावर ठेवा किंवा मधे टॉवेल घाला, ड्रॉवरमध्ये मोजा कोंबा, झालं. टॉयलेटचा फ्लश व्हॅक्युमचा असतो, भस्सकन ओढतो, लहान मुलं त्याला घाबरतात म्हणून झाकण लावून मग बटण. पुढच्या बाजूच्या केबिनला पहाटे बंदरात शिरताना खालून गुरगुर ऐकू येते आणि नांगर टाकला तर साखळीचा खडखडाट, ज्याला माहीत नाही तो अंथरुणात ताडकन उठून बसतो. माहीत असलं की कूस बदलून झोपतो.

दुसरा अर्थ, म्हणजे निघून जाता येत नाही हा, त्याचा अंदाज जुन्या अनुभवावरून घ्या. लांबच्या विमानात मिस्टर कसे असतात? नुसते वैतागतात, दर तासाला घड्याळ बघतात, की घाम फुटतो, छाती धडधडते, आयलचीच सीट लागते, आठवडाभर आधीपासून झोप उडते? नुसते वैतागणारे लोक जहाजावर बहुतेक वेळा रमतात, कारण जहाज म्हणजे सीटवर बांधलेलं विमान नव्हे, चालायला डेक आहेत, एकटं बसायला कोपरे आहेत. पण दुसऱ्या प्रकारातलं असेल, पॅनिक अटॅक येऊन गेलेले असतील, तर हा माझा विषय राहत नाही, त्यांच्या डॉक्टरांशी किंवा थेरपिस्टशी बोलून ठरवा, आणि तोपर्यंत बुकिंग करू नका. 'गेल्यावर होईल सवय' हे वाक्य मी काउंटरपलीकडून फार ऐकलंय, ते बोलणारे कधीच स्वतः घाबरलेले नसतात.

मधल्या पट्ट्यातल्यांसाठी रूट असा निवडा की सी डे, म्हणजे जमीन न दिसता फक्त समुद्रात जाणारा दिवस, एखादाच असेल किंवा नसेलच. रोज सकाळी उठलं की बंदर, दिवसभर पाय जमिनीवर, रात्री प्रवास. असे रूट भूमध्य समुद्रात सहज मिळतात. अशा माणसाला आठवडा सात दिवसांचा वाटत नाही, सात वेगळ्या रात्रींचा वाटतो, आणि उद्या सकाळी उतरता येणार हे माहीत असलं की रात्र निघते. नदीवरची क्रूझ हा पण चांगला पर्याय, ऱ्हाइन किंवा डॅन्यूबवर दोन्ही काठ दिसत असतात, लाटा नाहीत, जहाज शेदोनशे माणसांचं. पण तिथे मुलांसाठी फारसं काही नसतं, तुमची दोघं तिसऱ्या दिवशी डोक्यावर चढतील, त्यामुळे तुमच्या घराला ते मी सुचवणार नाही.

रात्री किती? नवख्यांना सगळे सांगतात दोनतीन रात्रींची करून बघा. बिचकणाऱ्या माणसाबद्दल माझं मत उलट आहे. पहिला दिवस चढण्यात आणि जहाज समजण्यात जातो, शेवटची संध्याकाळ बॅगा भरून दाराबाहेर ठेवण्यात, म्हणजे दोन रात्रींच्या ट्रिपमध्ये निव्वळ त्रासाचाच भाग वाट्याला येतो आणि माणूस कायमचं मत बनवून परततो. शिवाय त्या छोट्या ट्रिपा बऱ्याचदा पार्टीवाल्या गर्दीच्या असतात. चारपाच रात्री हा बरोबर मध्य, सात तुमच्यासाठी पहिल्या वेळी जरा जास्त होतील.

गर्दीची धास्ती असेल तर पहिली दुपार सांभाळा, सगळ्यात वाईट तीच. टर्मिनलवर एअरपोर्टसारखी रांग, तपासणी, फोटो, मग वर गेल्यावर केबिन तयार नसते आणि हजारो माणसं हातात हँडबॅगा घेऊन एकाच बुफेवर. जगातल्या मोठ्यात मोठ्या क्रूझ जहाजांपैकी एक, २०२४ पासून धावणारं आयकॉन ऑफ द सीज, जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी घेतं, त्यावरून कल्पना करा. चढायची वेळ दुपारची उशिराची घ्या, त्या शहरात आदल्या दिवशीच जाऊन रहा म्हणजे विमान चुकण्याची टांगती तलवार नको, आणि बुफेऐवजी चालू असलेलं दुसरं शांत रेस्टॉरंट शोधा, बहुतेक जहाजांवर एखादं असतं आणि लोकांना पत्ताच नसतो. मोठ्या बॅगा संध्याकाळपर्यंत केबिनशी येतात, म्हणून औषधं, चार्जर, मुलांचे पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत. जेवणाला ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल घ्या. रोज तोच वेटर, तीच जागा, बिचकणाऱ्या माणसाला आणि लहान मुलांना दोघांनाही ते बरं पडतं, फिरत्या वेळेचं स्वातंत्र्य दुसऱ्या ट्रिपला घ्या.

मुलांबद्दल तुम्ही काळजी करत नाही आहात असं दिसतंय, थोडी करा. किड्स क्लब साधारण तीन वर्षांपासून आणि वयाप्रमाणे गट, म्हणजे तुमचे दोघे वेगवेगळ्या गटात जायची शक्यता आहे. धाकटा दादाच्या जिवावर उड्या मारत असेल तर हे आधी सांगा, नाहीतर क्लबच्या दारात रडारड. लाइफगार्ड सगळ्या जहाजांच्या पुलावर नसतात, जहाज निवडतानाच विचारून घ्या, आणि असले तरी डोळा तुमचाच. बाल्कनीचा कठडा मोठ्यांच्या कमरेच्या वर येतो, धोका असतो तो खुर्ची ओढून वर चढण्याचा, म्हणून खुर्च्या आत किंवा कठड्यापासून लांब, आणि दाराची वरची कडी कायम लावलेली. एवढं पाळलं तर बाल्कनी घ्यायला हरकत नाही. हातावर सॅनिटायझर फवारून खुश होऊ नका, पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा फार उपयोग होत नाही, साबण-पाणीच लागतं.

सासूबाईंचं. मोठ्या जहाजांवर डॉक्टर-नर्स असतात, दवाखाना असतो, पण तो फुकट नसतो आणि मोठ्या ऑपरेशनचा तर नसतोच, गंभीर आजाऱ्याला जवळच्या बंदरात उतरवतात किंवा हेलिकॉप्टर आवाक्यात असेल तर त्याने नेतात. त्यामुळे इन्शुरन्स घेताना जहाजावरचे उपचार, मेडिकल इव्हॅक्युएशन आणि आधीपासूनचे आजार ह्या तिन्हींचं कव्हर कागदावर बघा, घरचा हेल्थ इन्शुरन्स तिथे चालेल असं गृहीत धरू नका. गुडघ्यांसाठी केबिन लिफ्टजवळ, पण लिफ्टला अगदी खेटून नको, आवाज येतो. आणि प्रत्येक बंदरासमोर 'टेंडर' लिहिलंय का ते बघा. टेंडर म्हणजे जहाज लांब नांगरतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात, त्या हलत्या बोटीत पाऊल टाकणं दुखऱ्या गुडघ्यांना आणि पाण्याला घाबरणाऱ्यांना, दोघांना अवघड. धक्क्याला लागणारी बंदरं जास्त असलेला रूट तुमच्या घराला बरा.

बंदरावर मागे राहून जायची भीतीही बऱ्याच जणांना असते आणि ती अगदीच खोटी नाही, जहाज उशिरा येणाऱ्या एकट्यादुकट्यासाठी थांबत नाही. पण जहाजाकडून बुक केलेल्या सहलीला उशीर झाला तर थांबतात किंवा पुढच्या बंदराला पोचवतात. पहिल्या वेळी त्या सहली थोड्या महाग पडल्या तरी घ्या. घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा, मोबाईल स्थानिक वेळ दाखवून फसवतो. आणि जहाज सुटल्यावर मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, जहाजावरच्या सेल्युलर नेटवर्कचं बिल बघून तर न घाबरणारी माणसंही घाबरतात.

शेवटी जो भाग लोक टाळतात तो, नुसत्या अनिच्छेचा. भीती नाहीये, फक्त नको आहे, असं मिस्टरांचं निघालं तर भीतीवरचे उपाय त्यांच्यावर करू नका, चिडतील. तेव्हा सौदा करावा लागतो, आणि तो सरळ करावा. रूट त्यांनी निवडायचा, केबिन त्यांनी निवडायची, रोज दोन तास त्यांचे स्वतःचे, कुणी शोधायला जायचं नाही. आणि सरप्राइज म्हणून बुकिंग करून तिकिटं हातात ठेवणं हा प्रकार कृपा करून नको, बिचकणाऱ्या माणसाच्या हातात निदान होकार-नकार असायला हवा, तोच काढून घेतला तर सात दिवस तो दुसऱ्या कशात तरी वचपा काढतो.

मी कधी स्पष्ट नको म्हणते? पॅनिक अटॅक येतात आणि उपचार चालू नाहीत तेव्हा. एखाद्याची तब्येत अशी की काही तासांत मोठं हॉस्पिटल लागू शकतं तेव्हा. गरोदरपणात प्रवास संपेपर्यंत चोविसावा आठवडा लागत असेल तर बहुतेक कंपन्या स्वतःच घेत नाहीत, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळालाही नाही. आणि सगळ्या घराच्या आनंदाचं ओझं एका घाबरलेल्या माणसावर टाकलेलं दिसतं, 'तुझ्यामुळे मुलांचा हिरमोड होईल' वगैरे, तेव्हा पण नकोच म्हणते.

तुमच्या बाबतीत मी असं करेन. मिस्टरांशी एकट्याने बोला, वरचे दोन अर्थ वेगळे काढा. कोंदटपणा निघाला तर चार किंवा पाच रात्री, रोज बंदर, टेंडर कमीत कमी, मधल्या भागात खालच्या डेकवरची बाल्कनी, शेजारी जोडलेली दुसरी केबिन मुलांना आणि सासूबाईंना. दुसरा अर्थ निघाला पण सौम्य असेल तर त्याआधी फेरी-बोटीने रात्रभराचा प्रवास दोघांनीच करून बघा, मुलांना न सांगता, म्हणजे नाही जमलं तरी कुणाचं तोंड वाकडं व्हायला नको. तीव्र निघाला तर यंदा समुद्रकिनाऱ्यावरची ट्रिप करा आणि हा विषय डॉक्टरांशी बोलेपर्यंत काढू नका. डिपॉझिट भरायचंच असेल तर परत मिळणारं घ्या, स्वस्तातलं न परत मिळणारं नको, आणि फायनल पेमेंटची तारीख कॅलेंडरवर लिहा. ती बहुतेक ठिकाणी निघायच्या दोनतीन महिने आधी असते आणि तिच्यानंतर रद्द केलं तर पैसे कापायला लागतात. तिच्या आठवडाभर आधी मिस्टरांना परत एकदा विचारा, आणि तेव्हा ते नाही म्हणाले तर वाद न घालता रद्द करून टाका.